काढता येणारी प्लेट : दोष मुलाचा की रचनेचा?

पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, चित्रपटाची तर दर आठवड्याला होते. रोजच्या वापरातल्या एखाद्या साधनाची समीक्षा मात्र आपल्याकडे क्वचितच वाचायला मिळते. साधन चालले तर आपण त्याला विसरतो आणि चालले नाही तर वापरणाऱ्याला दोष देतो. या लेखात आम्ही अशाच एका लहानशा साधनाची समीक्षा करणार आहोत. ते तळहातावर मावते, वजनाला हलके असते आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाने ते कित्येक महिने टाळूला लावून ठेवावे अशी अपेक्षा असते. हे साधन म्हणजे वरचा जबडा अरुंद असलेल्या मुलांना दंतवैद्य देतात ती टाळू रुंदावणारी, काढता-घालता येणारी प्लेट.

शिक्षकांसाठीच्या मासिकात हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे एक कारण सरळ आहे. ही प्लेट तोंडात राहते की डब्याच्या झाकणात, रुमालाच्या घडीत किंवा कंपासपेटीत जाऊन पडते, हे बऱ्याच अंशी शाळेच्या वेळात ठरते. दुसरे कारण असे की हुकचा नियम, तरफ, स्क्रूचा आटा, हाडांची वाढ आणि मराठीची वर्णमाला असे पाच वेगवेगळ्या तासांना शिकवले जाणारे विषय या इवल्याशा वस्तूत एकत्र येतात. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे कारण : उपचार फसला की “मुलाने प्लेट घातलीच नाही” हे वाक्य ठरलेले असते. ते वाक्य तपासून पाहावे असे आम्हाला वाटते.

टाळू रुंदावतो म्हणजे नेमके काय होते?

जिभेचे टोक वरच्या पटाशीच्या दातांमागे ठेवून हळूहळू मागे न्या. आधी खरखरीत वळ्या लागतात, मग गुळगुळीत कमान आणि शेवटी मऊ भाग. यांतली कमान हाडाची आहे. स्पर्शाला ती एकसंध वाटते, पण ती डाव्या आणि उजव्या अशा दोन भागांची बनलेली असते. दोन्ही भाग मध्यरेषेवर एका शिवणीने जोडलेले असतात. लहानपणी ही शिवण बरीचशी साधी असते, पुढे ती नागमोडी होते आणि किशोरवयात दोन्ही बाजूंच्या हाडांचे बारीक काटे एकमेकांत शिरतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून घट्ट धरावीत, तसे. डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सन यांनी १९७५ साली सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या नमुन्यांवरून या तीन अवस्था वर्णन केल्या.

शिवण जोडलेली पण जुळून न गेलेली असताना तिच्या दोन्ही बाजूंना बाहेर ढकलले, तर ती किंचित उघडते आणि मधल्या फटीत नवे हाड भरते. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य इमर्सन एंजेल यांनी १८६० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात चौदा वर्षांच्या एका मुलीची हकिकत दिली आहे. तिच्या वरच्या उपदाढांच्या मध्ये त्यांनी आडवा स्क्रू बसवला आणि तो फिरवण्याची किल्ली तिच्याच हाती दिली. दोन आठवड्यांत तिच्या पुढच्या दोन पटाशीच्या दातांमध्ये फट पडली. हे दात काही स्क्रूला जोडलेले नव्हते, तरी ते एकमेकांपासून दूर गेले. याचा अर्थ दात ज्या हाडात रुतलेले आहेत ती हाडेच दूर गेली, असे एंजेल यांचे अनुमान. समकालीन दंतवैद्यांपैकी अनेकांचा त्यावर विश्वास बसला नाही आणि एंजेल यांच्यापाशी पुरावा दाखवण्याचे साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षे होती. पुढे शंभर वर्षांनी, १९६१ साली, अमेरिकेच्या अँड्र्यू हास यांनी डुकरांवरचे प्रयोग आणि रुग्णांच्या क्ष-किरण प्रतिमा यांच्या आधारे शिवण उघडत असल्याचे पुन्हा दाखवून दिले आणि ही पद्धत प्रतिष्ठित झाली.

शिवण कोणत्या वयात जुळून जाते, याचे एकच उत्तर नाही. स्वीडनमधील पर्सन व थिलँडर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या शवविच्छेदनावर आधारित अभ्यासात पंधरा वर्षांच्या एका मुलीची शिवण जुळू लागलेली आढळली, तर सत्तावीस वर्षांच्या एका स्त्रीची मुळीच जुळलेली नव्हती. मात्र वय वाढते तसा शिवण उघडायला लागणारा जोर वाढत जातो, हे निश्चित. ही गोष्ट लक्षात ठेवावी. लेखाच्या शेवटी आम्हाला तिच्याकडे परत यावे लागेल.

प्लेटची जडणघडण

एंजेल यांचा स्क्रू थेट दातांना टेकलेला होता. हास यांचे उपकरण दातांना पक्के चिकटवलेले असे. ही दोन्ही उपकरणे मुलाला काढता येण्यासारखी नव्हती. काढता येणाऱ्या साधनांची परंपरा वेगळी आहे. वॉल्टर कॉफिन यांनी १८८१ साली लंडनमधील आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत आपली पद्धत मांडली. त्यांची प्लेट कडक रबराची, म्हणजे व्हल्कनाइटची होती. ती मधोमध कापलेली असे आणि दोन तुकड्यांना पियानोच्या तारेची वळणदार स्प्रिंग जोडत असे. स्प्रिंग दाबून प्लेट टाळूला लावायची. स्प्रिंग मोकळी होऊ पाहते आणि दोन्ही तुकडे दातांना बाहेर ढकलतात.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक आले आणि व्हल्कनाइट मागे पडले. त्यानंतरची मोठी सुधारणा पकडीची. बेलफास्टच्या फिलिप अ‍ॅडम्स यांनी १९५० च्या सुमारास दाढेला धरणारा एक आकडा तयार केला. गंजरोधक पोलादाच्या ०.७ मिलिमीटर जाडीच्या तारेचा हा आकडा दाढेच्या फुगीर भागाखालच्या दोन खाचांत टोके रोवतो. आजही आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत विद्यार्थी तार वाकवायला शिकतात ते हा आकडा करत करतच. स्प्रिंगच्या जागी बहुतेक ठिकाणी स्क्रू आला. पालक किल्लीने तो पाव आटा फिरवतात आणि प्लेटचे दोन भाग सुमारे ०.२ ते ०.२५ मिलिमीटरने दूर जातात.

या आकड्यामागे नेमका हिशेब आहे आणि तो वर्गात जरूर मांडावा. दाताचे मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. त्याची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर असते. पाव आट्याची ०.२५ मिलिमीटर दोन बाजूंत वाटली तर प्रत्येक बाजूला ०.१२५ मिलिमीटर येते. म्हणजे पाव आट्याचे ढकलणे या थरात सामावते. दात थोडा दबतो, प्लेट नीट बसते आणि हाडाला कामाला लागण्याचा इशारा मिळतो. एकदम पूर्ण आटा फिरवला तर प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर येईल, तो या थरात सामावणार नाही आणि प्लेट बसणारच नाही. म्हणून काढत्या प्लेटचा स्क्रू सहसा आठवड्यातून एकदा किंवा दोनदा पाव आटा फिरवतात. पाच मिलिमीटर रुंदी हवी असेल तर वीस पाव आटे लागतील; आठवड्याला दोन धरले तर दहा आठवडे. हा झाला कागदावरचा हिशेब.

स्क्रू, स्प्रिंग आणि पेन्सिल

रचनेच्या समीक्षेला खरी सुरुवात इथून होते. हुकचा नियम सांगतो की स्प्रिंगचा जोर तिच्या ताणाच्या प्रमाणात असतो. स्क्रू म्हणजे जवळजवळ न वाकणारी स्प्रिंग. तो फिरवल्याबरोबर जोर एकदम चढतो आणि दात थोडासा हलताच जवळजवळ शून्यावर येतो. अमेरिकेत आयझॅकसन आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली पक्क्या उपकरणांवर मोजले, तेव्हा स्क्रूच्या एका फिरवणीत सुमारे दीड ते साडेचार किलोग्रॅम वजनाइतका जोर निर्माण होताना दिसला. कॉफिन यांची स्प्रिंग याच्या उलट वागते. तिचा जोर कमी असतो, पण दात हलला तरी तो बराच काळ टिकतो. हाडाच्या दृष्टीने असा मंद, सततचा जोर चांगला. मुलाच्या दृष्टीनेही तोच चांगला, कारण किल्ली फिरवल्यानंतर जाणवणारा तो ठणका त्यात नसतो.

मग सगळ्या प्लेटींना स्प्रिंग का नाही? कारण स्प्रिंग दातांना जितके बाहेर ढकलते तितकेच प्लेटलाही खाली ढकलू पाहते. दातांचे आतले पृष्ठभाग उतरते असतात आणि प्लेट त्यांवरून घसरते. पकड चांगली नसेल तर मूल बोलताना प्लेट खाली येते. स्क्रूची प्लेट त्या मानाने घट्ट बसते. स्प्रिंगची तार बारीक करून जोर कमी करता येतो. तारेचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलत असल्यामुळे १.२५ मिलिमीटरऐवजी १ मिलिमीटरची तार घेतली तर ताठपणा सुमारे ४० टक्क्यांवर येतो. पण बारीक तार घालता-काढताना सहज वाकडी होते. थोडक्यात, प्रत्येक सोयीची किंमत दुसऱ्या एखाद्या गैरसोयीने मोजावी लागते. कुठली गैरसोय पत्करायची हे ठरवणे, हेच रचनाकाराचे काम.

दुसरी अडचण मूलभूत आहे आणि ती एका सोप्या प्रयोगाने दाखवता येते. पेल्यात मळलेली माती भरा, तीत पेन्सिल उभी रोवा आणि वरचे टोक बोटाने हळूच एका बाजूला ढकला. पेन्सिल सरळ उभीच्या उभी सरकत नाही, ती कलते. वरचे टोक एका दिशेला जाते आणि मातीतले टोक उलट दिशेला. प्लेट दाताच्या वरच्या भागावर दाब देते, मुळावर नाही. त्यामुळे प्लेटने मिळणाऱ्या रुंदीचा काही भाग शिवण उघडल्याचा असतो आणि काही भाग दाढा बाहेर कलल्याचा. मूल लहान असेल तर पहिल्याचा वाटा बरा. वय वाढेल तसा दुसऱ्याचा वाटा वाढतो. हा प्लेटचा दोष म्हणण्यापेक्षा तिची मर्यादा म्हणावी. मात्र जो रचनाकार किंवा विक्रेता ही मर्यादा सांगत नाही, त्याचा तो दोषच.

तासांचा हिशेब

आता कागदावरच्या हिशेबातून बाहेर येऊ. स्वीडनमधील माल्मो येथे पेट्रेन आणि बाँडेमार्क यांनी एक नेटका अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात अशी साठ मुले त्यांनी चार गटांत वाटली. एका गटाला चार वेटोळ्यांची पक्की तार लावली, एका गटाला काढती प्लेट दिली, एका गटाच्या खालच्या दाढांवर भर चढवली आणि एका गटावर उपचार केले नाहीत. पक्क्या तारेच्या गटातील सर्व मुलांचे दात जागेवर आले. प्लेटच्या गटात दोन-तृतीयांश मुलांचे आले, आणि त्यांनाही वेळ सुमारे दुप्पट लागला. यातली उल्लेखनीय गोष्ट अशी की जिथे प्लेट यशस्वी झाली, तिथे तीन वर्षांनंतरही परिणाम पक्क्या तारेइतकाच टिकून होता. म्हणजे प्लेट काम करू शकते. प्रश्न असतो तो तिला काम करू दिले जाते का, हा.

हे किती दिले जाते, हेही आता मोजता आले आहे. प्लेटच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये पुरता येणारे चिमुकले तापमापक २०१० च्या सुमारास वापरात आले. तोंडातली ऊब आणि बाहेरची हवा यांतल्या फरकावरून प्लेट केव्हा तोंडात होती याची नोंद ते ठेवतात. जर्मनीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, काढत्या उपकरणांवरील एका पाहणीत दिवसाला सुमारे पंधरा तास घालायला सांगितलेल्या मुलांचा मध्यक साडेनऊ-दहा तासांच्या आसपास भरला. म्हणजे मुख्यतः घरचे आणि झोपेचे तास. जे तास गळाले, त्यांत शाळेचे तास नसतील असे मानणे कठीण आहे.

या गळालेल्या तासांचा परिणाम केवळ वजाबाकीचा नसतो. समजा, मुलाने तीन दिवस प्लेट घातली नाही. दात आपल्या जुन्या जागेकडे थोडे सरकले. चौथ्या दिवशी तीच प्लेट आता अरुंद जागेत बसवायची आहे. ती दुखते. दुखते म्हणून मूल ती तासाभरात काढते. पाचव्या दिवशी ती आणखी दुखते. दरम्यान ठरल्याप्रमाणे घरी किल्ली फिरवली गेली, तर ती बसतच नाही. उपाय सोपा आहे. स्क्रू एक-दोन पाव आटे उलटा फिरवून प्लेट पुन्हा सहज बसेल अशी करायची आणि तिथून सुरू करायचे. पण हे दंतवैद्याला विचारायचे असते, हे पालकांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. अशा रीतीने न घालणे आणि दुखणे ही एकमेकांना वाढवत नेतात. या चक्राला आम्ही मुलाचा हट्ट म्हणणार नाही. जे साधन तीन दिवसांच्या विसरभोळेपणाची शिक्षा वेदनेने देते, ते दहा वर्षांच्या मुलासाठी रचलेले आहे असे म्हणताच येत नाही.

आमचा मुख्य मुद्दा इथे येतो. पक्क्या उपकरणात आराम ही भूतदया आहे. मुलाला त्रास झाला तरी उपकरण चोवीस तास काम करते. काढत्या साधनात आराम हा यंत्रणेचाच एक भाग आहे, स्क्रू आणि आकडा यांच्याइतकाच. जोराला तासांनी गुणले की काम होते, आणि तास ठरवतो तो आराम. तो रचनेत नसेल तर यंत्रणा अपुरी आहे, मग स्क्रू कितीही उत्तम असो.

आराम नेमका कुठे असतो?

“आरामदायक” हा शब्द जाहिरातीत गुळगुळीत झाला आहे, म्हणून त्याचे तुकडे करून पाहू. पहिला तुकडा कडांचा. हिरड्यांना टेकणारी धार गोल नसेल, तर दोन दिवसांत तिथे लालसर वण उठतो. प्लेट मागे फार लांब गेली तर मऊ टाळूला लागून उमाळा येतो. म्हणून मागची कड नालाच्या आकाराची कापतात. दुसरा तुकडा जाडीचा. अ‍ॅक्रिलिक फार पातळ केले तर तुटते आणि जाड केले तर जिभेची जागा खाते. मधला स्क्रू तर सगळ्यांत जाड, आणि तो असतो टाळूच्या ऐन मध्यावर. तिसरा तुकडा स्वच्छतेचा. अ‍ॅक्रिलिकवर अन्नकण आणि सूक्ष्मजीव साठतात; रोज ब्रश लावून गार पाण्याने धुतली नाही तर प्लेटला वास येतो. वर्गात शेजारी बसणाऱ्याला तो आला की मूल प्लेट पुन्हा घालत नाही. गरम पाण्याने धुतली तर ती वाकडी होऊ शकते आणि मग बसत नाही.

चौथा तुकडा बोलण्याचा. तो आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि रचनेचा विचार करताना नेमका तोच शेवटी येतो. प्लेटने बोलण्यावर होणाऱ्या परिणामाची चर्चा इंग्रजी पुस्तकांत बहुतेक ‘स’ या ध्वनीपाशी थांबते. मराठी मुलाची अडचण त्याहून मोठी असणार, हे वर्णमालेवरूनच कळते. त, थ, द, ध म्हणताना जीभ वरच्या दातांना मागून टेकते. चमच्यातला च आणि चिमणीतला च वेगवेगळ्या जागी उच्चारले जातात. पहिला दातांच्या जवळ, दुसरा टाळूवर. ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ म्हणताना तर जिभेचे टोक मागे वळून कमानीला लागते. प्लेट नेमकी या सगळ्या जागांवर पसरलेली असते. जिथे जीभ लहानपणापासून हाडाच्या कमानीला लागत आली, तिथे आता दोन-तीन मिलिमीटर आधीच प्लास्टिक लागते. “बाळाच्या खेळण्याची चाके” एवढे वाचायला सांगा आणि नव्या प्लेटवाल्या मुलाची त्रेधा पाहा. बहुतेक मुलांची जीभ काही दिवसांत नवी जागा शिकते. पण त्या काही दिवसांत वर्गात हसू झाले, तर जीभ शिकायच्या आतच प्लेट कंपासपेटीत जाते.

रचनाकाराला इथे करण्यासारखे खूप आहे. पुढच्या वळ्यांवरचे अ‍ॅक्रिलिक शक्य तितके पातळ ठेवणे, स्क्रू मागे आणि टाळूच्या खोलगट भागात नेणे, जिभेकडचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत करणे, यांतले काहीच नवे नाही. मात्र प्लेट देण्यापूर्वी मुलाकडून त्याच्या स्वतःच्या भाषेतले चार ओळींचे वाचन करून घेऊन त्यानुसार प्लेट तासायची, हा नियम व्हायला हवा. मराठी मुलासाठी ळ आणि ण, तमिळ मुलासाठी त्याच्या भाषेतले जिभेला वळवणारे ध्वनी. याला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

छापील प्लेट

अलीकडे या साधनाचे रूप बदलते आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये अलाइन या कंपनीच्या काढत्या टाळू-रुंदावकाला विक्रीची मंजुरी दिली. मुलाच्या तोंडाची संगणकीय प्रतिमा घेऊन त्रिमितीय छपाईने प्लेटींची मालिकाच तयार करतात. त्यातली प्रत्येक प्लेट आधीच्या प्लेटीपेक्षा किंचित रुंद असते. स्क्रू नाही, किल्ली नाही. मूल एक प्लेट काढते आणि पुढची घालते. प्लेट धरून राहावी म्हणून दातांवर लहान उंचवटे चिकटवलेले असतात.

रचना म्हणून आम्हाला यातली एक गोष्ट मनापासून आवडली : टाळूच्या मध्यावरचा स्क्रूचा गठ्ठा गेला. पालकांनी किल्ली उलटी किंवा जास्त फिरवण्याची भीतीही गेली. पण मूळ प्रश्न जागच्या जागी आहे. मालिका ठरलेल्या क्रमाने पुढे जाते. मुलाने मधले दिवस चुकवले तर पुढची प्लेट बसणार नाही आणि मागच्या प्लेटकडे परतावे लागेल. आणि कंपनीच्या पैशाशी संबंध नसलेले दीर्घकालीन अभ्यास अजून थोडे आहेत. नवे साधन जुन्यापेक्षा चांगले की नुसते नवे, हे माल्मोसारखी कसोटी लागल्यावर ठरेल. तोवर उत्साह राखून ठेवावा.

आरामाच्या नावाखाली

इथवर आम्ही आरामाची बाजू मांडली. आता त्याच्या नावाखाली चालणाऱ्या अतिशयोक्तीबद्दल. शिवण जुळून आलेल्या प्रौढांना “दुखत नाही, रात्री घाला, चेहरा रुंद होईल” असे सांगणाऱ्या काढत्या प्लेटींची जाहिरात परदेशात होते आणि ती आपल्या मोबाइलवरही येते. पेन्सिलीचा प्रयोग आठवा. शिवण उघडत नसेल तर जोर जाईल तो दात कलवण्यात. दाढांच्या बाहेरच्या बाजूचे हाड पातळ असते. दात त्यातून बाहेर ढकलले गेले तर हिरडी मागे सरकून मूळ उघडे पडण्याचा धोका असतो. प्रौढांत खरोखर हाड रुंदवायचे असेल तर शस्त्रक्रियेची किंवा टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवण्याची गरज पडते. हे काम काढत्या प्लेटचे नाही, ती कितीही मऊ असली तरी. घरच्या घरी अ‍ॅक्रिलिक ओतून प्लेट बनवण्याचे प्रयोग तर विद्यार्थ्यांनी चुकूनही करू नयेत.

दुसरी अतिशयोक्ती श्वासाची. टाळूचे छप्पर म्हणजेच नाकाची जमीन, त्यामुळे टाळू रुंदावला की नाकातील जागा थोडी वाढते, हे खरे. त्यावरून “घोरणे थांबेल, अभ्यासात लक्ष लागेल” अशी हमी देणे मात्र खरे नाही. अमेरिकेतील दंतरचनातज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली काढलेल्या निवेदनाचा आशय असा आहे, की जबडा अरुंद नसताना केवळ झोपेतील श्वसनाचा त्रास पुढे होऊ नये म्हणून टाळू रुंदावू नये. घोरणाऱ्या मुलाला आधी नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे न्यावे.

आमचा अभिप्राय

समीक्षेच्या शेवटी अभिप्राय द्यायचा असतो. वाढत्या वयात, योग्य मुलाला, योग्य कारणासाठी दिलेली काढती प्लेट हे स्वस्त, दुरुस्त करता येणारे आणि दात घासताना बाजूला ठेवता येणारे उपयुक्त साधन आहे. तिची यंत्रणा गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत खूप सुधारली. आटा सूक्ष्म झाला, तार टिकाऊ झाली, आकडा पक्का झाला. सुधारणा कमी झाली ती जीभ, हिरडी आणि मुलाचा दिवस यांच्या बाजूने. म्हणून अशी प्लेट पाहताना ती किती मिलिमीटर उघडते हे विचारून थांबू नये. तीन प्रश्न आणखी विचारावेत. ही घालून मूल धडा वाचू शकते का? तीन दिवस चुकले तर काय करायचे हे घरी माहीत आहे का? आणि ती किती तास घातली गेली, हे मुलाला दरडावून विचारण्याऐवजी मोजण्याची काही सोय आहे का?

शिक्षकांच्या हाती स्क्रू नाही, पण तास आहेत. प्लेटसाठी झाकणाची डबी बाकावर ठेवू द्यावी. रुमालात गुंडाळलेली प्लेट डब्यातल्या खरकट्याबरोबर फेकली जाते. डबा खाल्ल्यावर ती नळावर धुवायला दोन मिनिटे द्यावीत. नवी प्लेट लागलेल्या मुलाला पहिला आठवडा मोठ्याने वाचायला उभे करण्याची घाई करू नये, आणि कोणी हसलेच तर वर्गाला ळ कसा उच्चारला जातो हे जीभ वळवून दाखवावे. आणि पालकसभेत “तो घालतच नाही” असे कोणी म्हणाले, तर “कुठे लागते ते दंतवैद्यांना दाखवलेत का?” एवढा एक प्रश्न विचारावा. आमच्या मते बऱ्याच फसलेल्या उपचारांचे उत्तर त्या प्रश्नात सापडेल.